बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम म्हणजे काय? ओळख आणि मुख्य प्रकार

(वारंगा फाटा, जि. हिंगोली येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे. बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम, मराठीत व्यवसाय माहिती प्रणाली. बी.कॉम., बीबीए, बीसीएच्या अभ्यासक्रमात हा धडा असतो. मुलं व्याख्या पाठ करतात, प्रकारांची नावं लिहितात, मार्क मिळतात. पण त्यातल्याच एखाद्या मुलाच्या घरी दुकान असतं, आणि "तुमची एकूण उधारी किती थकली आहे?" असं विचारलं तर बाप-लेक दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. धडा पाठ आहे, दुकान मात्र अंदाजावर चाललंय. म्हणून आज आपण हा धडा पुस्तकातून काढून फाट्यावर आणणार आहोत.

आणि त्यासाठी वारंगा फाट्यासारखी जागा नाही. एक रस्ता नांदेडहून येतो, एक कळमनुरी-हिंगोलीकडे जातो, एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. एसटी थांबते, ट्रक थांबतात, लोक उतरून खिचडी खातात. हंगामात हळदीच्या गाड्या जातात. म्हणजे खिचडीचं हॉटेल, एसटीचं तिकीट आणि हळदीचं पोतं, या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर आहेत. आजचा सगळा विषय आपण या तिघांवरच समजून घेऊ.

आकडा वेगळा, माहिती वेगळी

सुरुवात इथून करू. हॉटेलच्या वहीत लिहिलंय, "४१२". हा झाला नुसता आकडा, म्हणजे डेटा. ४१२ काय? रुपये, प्लेटा की गाडीचा नंबर? आता त्याला संदर्भ दिला, "काल ४१२ प्लेट खिचडी गेली". थोडा अर्थ आला. पुढे जोडलं, "मागच्या चार सोमवारची सरासरी ३२० होती". आता मालकाचे कान टवकारतात. कारण उद्या तांदूळ किती भिजवायचा, हे या वाक्यावरून ठरू शकतं. याला म्हणायचं माहिती.

म्हणजे ज्या आकड्यामुळे कुणाचा तरी निर्णय सोपा होतो किंवा बदलतो, ती माहिती. बाकी सगळी रद्दी, मग ती वहीत असो की लाख रुपयांच्या कॉम्प्युटरमध्ये.

आणि प्रणाली म्हणजे? नोंद घेणे, तिच्यावर प्रक्रिया करणे, साठवणे, ज्याला हवी त्याला वेळेत पोचवणे आणि चुकलं तर परत येऊन सुधारणे, या कामांची बसवलेली घडी. त्यात माणसं येतात, कागद येतात, नियम येतात, यंत्रही येतं. पण यंत्र हा त्यातला एकच भाग आहे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

आपल्याकडे ही घडी कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी होती. जुने व्यापारी किर्द आणि खतावणी ठेवायचे. किर्दीत रोजचे व्यवहार जसे घडले तसे, तारखेनुसार. मग तेच व्यवहार खतावणीत माणसानुसार, खात्यानुसार. एकच व्यवहार दोनदा का लिहायचा? कारण प्रश्न दोन आहेत. "आज काय काय घडलं?" याचं उत्तर किर्द देते. "अमक्याकडे किती येणं आहे?" याचं उत्तर खतावणी देते. आजचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर आतून हेच काम करतं, फक्त दुसऱ्यांदा हाताने लिहावं लागत नाही.

धंद्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा कुणी आणला, माहितीये? बऱ्याच जणांना वाटतं एखादी बँक असेल किंवा विमान कंपनी. तो आणला ब्रिटनमधल्या चहाच्या दुकानांच्या कंपनीने! जे. लायन्स अँड कंपनी. त्यांची चहा-फराळाची दुकानं होती, बेकरी होती. त्यांनी स्वतः 'लिओ' नावाचा कॉम्प्युटर बांधला आणि १९५१ साली त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब सुरू केला. म्हणजे या विषयाचा जन्मच चहा-नाश्त्याच्या धंद्यात झालाय. तेव्हा आपल्या फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने "हे आपलं काम नाही" असं म्हणू नये.

धंद्याचे तीन मजले

आता प्रकारांकडे वळू. प्रकार पाठ करण्याऐवजी एक चित्र डोक्यात ठेवा. रॉबर्ट अँथनी नावाच्या अभ्यासकाने १९६५ साली मांडलं की संस्थेत निर्णय तीन पातळ्यांवर होतात. तळमजल्यावर रोजचं काम: माल द्या, पैसे घ्या, तिकीट फाडा. मधल्या मजल्यावर कामावर देखरेख: कुठे वाढलं, कुठे घटलं, का घटलं. वरच्या मजल्यावर दिशा: पुढच्या पाच वर्षांत काय करायचं.

छोट्या हॉटेलात तिन्ही मजल्यांवर एकच माणूस असतो, बरं का. सकाळी गल्ल्यावर बसतो, रात्री हिशोब बघतो आणि झोपताना विचार करतो की शेजारचा गाळा घ्यावा का. माणूस एक, पण प्रश्न तीन जातींचे. आणि प्रत्येक जातीच्या प्रश्नाला वेगळी माहिती लागते. प्रणालीचे प्रकार इथूनच निघतात.

पहिला प्रकार: व्यवहार नोंदवणारी प्रणाली

हिला इंग्रजीत ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग सिस्टिम म्हणतात, थोडक्यात टीपीएस. काम एकच: व्यवहार घडला की तो तिथल्या तिथे, पूर्ण आणि एकदाच नोंदवायचा.

सगळ्यांत चांगलं उदाहरण एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं मशीन. कुठून, कुठे, किती जण, कोणती सवलत, किती पैसे. तिकीट निघालं की नोंद झाली. आता एक गंमत बघा. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीत प्रवास मोफत आहे. तरी कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचं तिकीट देतो. आजोबा म्हणतात, "अरे, पैसेच घ्यायचे नाहीत तर कागद कशाला वाया घालवतो?" पण पैसे कुणीतरी देतंच आहे ना! सवलतीची रक्कम राज्य शासनाने महामंडळाला भरून द्यायची असते. किती ज्येष्ठ, कुठून कुठे गेले, ही नोंद नसेल तर मागणी कशाच्या आधारावर करणार? मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तिथेही तसंच. त्या शून्य रुपयांच्या कागदामागे महामंडळाचा खराखुरा पैसा आहे.

यातून टीपीएसचा नियम कळतो. पैसा हातात आला नाही म्हणून व्यवहार झाला नाही, असं नसतं. हॉटेलात उधारीची प्लेट गेली, घरच्या माणसाने डबा नेला, खिचडी करपली म्हणून टाकून दिली, हे सगळे व्यवहारच. गल्ल्यात दिसत नाहीत म्हणून लिहिले जात नाहीत, आणि धंदा नेमका तिथूनच गळतो.

तळमजला कच्चा असेल तर वरचे दोन्ही मजले पडतात. खालून चुकीचा आकडा गेला, तर वर कितीही रंगीत आलेख काढा, तो चुकीचाच निघणार.

दुसरा प्रकार: व्यवस्थापनाला अहवाल देणारी प्रणाली

ही मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, एमआयएस. तळमजल्यावरच्या शेकडो नोंदींची ही बेरीज करते, तुलना करते आणि ठरलेल्या वेळी अहवाल देते. एसटीच्या आगारप्रमुखाला प्रत्येक तिकीट बघायचं नसतं. कोणत्या फेरीला किलोमीटरमागे किती उत्पन्न आलं आणि मागच्या महिन्यात किती होतं, हे त्याला हवं असतं.

हॉटेलात बघू. समजा मालकाने रोज दोनच गोष्टी लिहिल्या: प्लेटा किती गेल्या आणि गॅसची टाकी कधी बदलली. महिनाभर एका टाकीत साधारण ३०० प्लेटा निघत होत्या. या आठवड्यात २४० निघाल्या. कारणं तीनच असू शकतात. शेगडी नीट जळत नाही, टाकी कमी भरून येतेय, किंवा प्लेटा गेल्या ३०० पण लिहिल्या २४०. नुसत्या गल्ल्याकडे बघून हे कधीच कळलं नसतं. दोन साधे आकडे शेजारी ठेवले आणि कुठे बोट ठेवायचं ते कळलं. एमआयएसची ताकद या शेजारी ठेवण्यात आहे.

दुसरं म्हणजे, चांगला अहवाल छोटा असतो. मघाशी ज्या लायन्स कंपनीचं नाव घेतलं, तिने पुढे दुकानांच्या मागणीचं कामही लिओवर आणलं. प्रत्येक दुकानाची एक नेहमीची मागणी ठरलेली. व्यवस्थापिका फक्त बदल कळवायच्या: आज हे जास्त, ते कमी. जे नेहमीसारखं आहे ते कळवत बसायचंच नाही. माहितीच्या दुनियेत वेळ वाचवण्याचा हा मोठा मंत्र आहे. उधारीचीही पूर्ण यादी रोज वाचू नका. ३० दिवसांपेक्षा जुनी कोणती, ६० पेक्षा जुनी कोणती, एवढंच वेगळं काढा. साठ दिवस ओलांडलेली चार नावं समोर आली की फोन कुणाला करायचा ते आपोआप ठरतं.

तिसरा प्रकार: निर्णयाला मदत करणारी प्रणाली

हिला डिसिजन सपोर्ट सिस्टिम म्हणतात, डीएसएस. एमआयएस सांगते काय झालं. डीएसएसला आपण विचारतो, "असं केलं तर काय होईल?" इथे आपण हळदीकडे येऊ, कारण आपल्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे.

हिंगोली, वसमत, नांदेड हा हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली, आता विकायची की ठेवायची? कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने. ठेवावं का? चला, कागदावर मांडू. यातला भाव आणि खर्च फक्त उदाहरणासाठी धरलेत.

माल १० क्विंटल, आजचा भाव १२,००० रुपये. म्हणजे १,२०,००० चा माल. ७५ टक्के कर्ज म्हणजे ९०,००० रुपये. ६ टक्क्यांनी १८० दिवसांचं व्याज झालं साधारण २,६६०, म्हणजे क्विंटलमागे २६६. गोदाम आणि हमालीचे क्विंटलमागे १५० धरू. वजनात एक टक्का घट धरू. सगळं मिळवलं तर सहा महिन्यांनी भाव निदान १२,५५० च्या आसपास असला पाहिजे, तेव्हा कुठे आपण आजच्या बरोबरीला येतो. त्याच्यावर गेला तर फायदा. खाली राहिला तर ठेवण्याची मेहनत फुकट.

आता "असं झालं तर" विचारा. भाव १३,५०० झाला तर? ११,००० झाला तर? घट दोन टक्के आली तर? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्याच्या डोक्यावर खाजगी देणं आहे त्याने एक ओळ वाढवावी. पूर्ण विक्री केली असती तर १,२०,००० हातात आले असते, आता ९०,००० आले. राहिलेल्या ३०,००० चं देणं महिना तीन टक्क्यांनी चालू असेल, तर सहा महिन्यांत ५,४०० रुपये आणखी गेले. म्हणजे क्विंटलमागे ५४० वाढले, आणि बरोबरीचा भाव १३,१०० च्या जवळ गेला! शेजाऱ्याला हळद ठेवणं परवडलं म्हणून आपल्याला परवडेल असं नाही, ते या एका ओळीने कळतं.

ही झाली डीएसएस. तिला लागतं काय? कागद, नाहीतर मोबाईलमधली एक्सेलची शीट, आणि खरे आकडे. पुढचा भाव ती सांगत नाही. तो कुणालाच सांगता येत नाही. कोणत्या भावाला आपण बुडतो आणि कोणत्या भावाला तरतो, एवढं ती सांगते. निर्णय शेवटी माणसाचाच.

चौथा प्रकार: वरच्या मजल्याची प्रणाली

एक्झिक्युटिव्ह इन्फर्मेशन सिस्टिम. मोठ्या कंपन्यांत संचालकांसमोर एकाच पडद्यावर मोजके आकडे असतात आणि त्यात बाहेरच्या जगाची माहिती जास्त असते: स्पर्धक काय करतोय, सरकारी धोरण कुठे चाललंय, गिऱ्हाइकाची सवय कशी बदलतेय. फाट्यावरच्या हॉटेलसाठी हा प्रश्न असा येतो: रस्ता रुंद झाला, गाड्या जोरात जाऊ लागल्या, तर थांबणारं गिऱ्हाईक पाच वर्षांनी तेवढंच राहील का? याचं उत्तर आपल्या वहीत नाही. त्यासाठी मान वर करून रस्त्याकडे बघावं लागतं.

बाकीची नावं, थोडक्यात

पुस्तकात आणखी नावं भेटतील. पत्रव्यवहार, फाइली, बैठका यांसाठीची ऑफिस ऑटोमेशन सिस्टिम. जाणकाराचे नियम यंत्रात भरलेली एक्स्पर्ट सिस्टिम. पिकाचा फोटो बघून रोग ओळखणारी ॲप्स साधारण तिच्याच नात्यातली. गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारी सीआरएम. आणि खरेदी, साठा, विक्री, पगार, हिशोब हे सगळं एका धाग्यात ओवणारी ईआरपी. ईआरपीचा मुद्दा एवढाच की गोदामाने एक आकडा लिहायचा, हिशोबाने दुसरा आणि मग भांडायचं, हे थांबावं. लक्षात ठेवा, खऱ्या जगात हे प्रकार कप्प्याकप्प्यांत बसत नाहीत. एकाच सॉफ्टवेअरमध्ये बिलही बनतं, अहवालही निघतो आणि अंदाजही मांडता येतो.

प्रणाली कशाने मरते?

आता आजचा खरा मुद्दा. सॉफ्टवेअर आणलं, चार महिन्यांनी बंद पडलं, असं आपण सगळ्यांनी पाहिलंय. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. ज्याच्याकडून आपण नोंद मागतो, त्याला त्या नोंदीतून परत काहीच मिळत नसतं. वेटरला प्रत्येक प्लेट लिहायला सांगितली आणि त्या आकड्याचा उपयोग फक्त त्याला रागवायला केला, तर तो खोटं लिहायला शिकणार. त्याच आकड्यावरून "गर्दी बारा ते दोन असते, तेव्हा एक माणूस जास्त ठेवू" असं ठरलं, तर तोच वेटर मनापासून लिहील.

बचत गटांकडे बघा. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नियमित लेखे अशा पाच गोष्टी आहेत. पाचवी गोष्ट माहिती प्रणालीच आहे. ती टिकते, कारण बैठकीत हिशोब सगळ्यांसमोर वाचला जातो, प्रत्येकीच्या पासबुकात तिचा आकडा असतो आणि वही नीट असली तर बँक कर्ज देताना गटाला दारात उभं करते. नोंद देणाऱ्या बाईला तिच्या नोंदीचं फळ दिसतं.

याच्या उलट शेतकऱ्याचं. त्याच्या हळदीची आवक, वजन, भाव बाजारात नोंदला जातो. त्यावर व्यापारी, कंपन्या, शासन आपापले निर्णय घेतात. शेतकऱ्याच्या हातात येते एक हिशोबपट्टी, आणि ती घरातल्या पिशवीत जाते. तीन वर्षांच्या पट्ट्या आणि खर्चाच्या पावत्या काढून एका वहीत मांडल्या, तर त्याच पिशवीतून त्याची स्वतःची माहिती प्रणाली उभी राहते. कोणत्या महिन्यात विकलं, एकरी काय पडलं, कुठल्या खर्चाने खाल्लं, सगळं त्यात आहे. आकडे त्याचेच आहेत, फक्त त्याच्यासाठी ते कुणी जुळवले नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्रश्न ठरवा. मग त्यासाठी कोणते दोन-तीन आकडे लागतात ते ठरवा. मग ते कोण, कधी लिहील आणि त्याला काय परत मिळेल ते ठरवा. मशीन, ॲप, सॉफ्टवेअर सगळ्यांत शेवटी.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न: आमचे सगळे पैसे यूपीआयने येतात. मोबाईलमध्ये नोंद आहेच, मग वेगळी वही कशाला?

मोबाईलमध्ये पैसे आल्याची नोंद आहे, दादा. कशाचे आले ती नाही. ८० रुपये आले, पण दोन खिचडीचे की चहा-भजीचे? आणि उधारी, घरखर्च, रोख हे त्यात नाहीच. यूपीआयची यादी चांगला कच्चा माल आहे. दिवसाच्या शेवटी पाच मिनिटं देऊन तिला वहीशी जुळवा.

प्रश्न: पंचवीस वर्षं धंदा केलाय, सगळं डोक्यात आहे. लिहायची गरज आहे का?

डोक्यातली प्रणाली झटपट चालते, हे खरंच. पण ती दुसऱ्याला उघडता येत नाही. तुम्ही आठ दिवस दवाखान्यात राहिलात, तर पोराला उधारी कुणाला मागायची ते कळेल का? जे तुमच्या डोक्यात आहे ते निदान एका माणसाला सापडेल असं लिहून ठेवा.

प्रश्न: फुकटचं ॲप वापरावं का?

वापरा, पण दोन गोष्टी आधी तपासा. एक, आपली नोंद एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढता येते का? येत नसेल तर ॲप बंद पडलं की वही हरवली. दोन, ते गिऱ्हाइकांचे नंबर आणि फोनमधलं काय काय मागतंय? उधारी नोंदवायला तुमच्या फोटोंची गरज नसते. लोकांची माहिती आपल्याकडे विश्वासाने आलेली असते, ती सांभाळायची जबाबदारी आपली.

पुढच्या व्याख्यानात आपण एक छोटा धंदा घेऊन त्याची नोंदवही पहिल्या पानापासून आखू. येताना प्रत्येकाने आपल्या धंद्यातला, शेतीतला किंवा गटातला एकच प्रश्न लिहून आणा, ज्याचं उत्तर आज तुम्ही अंदाजाने देता. काम तिथूनच सुरू करू.